मोर्वाँच्या चढ-उतारांवर : आमची वाटचाल

पॅरिसच्या आग्नेयेला, रेल्वेने साधारण तीन तासांच्या अंतरावर, बर्गंडी प्रांतात मोर्वाँ नावाचा ग्रॅनाइटचा डोंगराळ आणि वनाच्छादित प्रदेश आहे. निएव्र, योन, कोत-द'ओर आणि सोन-ए-लुआर या चार जिल्ह्यांत तो विभागलेला असून त्याचे सर्वांत उंच शिखर ओ-फोलँ अवघे ९०१ मीटर उंचीचे आहे. आल्प्स आणि पिरेनीजची छायाचित्रे पाहून फ्रान्समध्ये सायकल चालवायला येणाऱ्यांच्या यादीत हे नाव सहसा नसते. आमच्यासारख्या तुटपुंज्या भांडवलाच्या माणसांना इथे पाय रोवता आले, त्याचे हेही एक कारण आहे. मी मूळचा पुण्याचा, शिक्षणासाठी दिजाँला आलो आणि इकडेच स्थिरावलो. माझा भागीदार याच भागातल्या जंगलकामगाराचा मुलगा आणि हाताचा पक्का मेकॅनिक. आवालाँजवळच्या एका खेड्यातला दगडी गोठा भाड्याने घेऊन आम्ही सायकली भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे एवढ्यावरच सुरुवात केली.

या प्रदेशाचा स्वभाव पाहुण्यांना आधी समजावून सांगावा लागतो. सिंहगडाचा चढ दम काढतो, पण तो एकदा संपला की संपला. मोर्वाँत मात्र ओढा ओलांडायला खाली उतरायचे, लगेच पुढच्या टेकडीवर चढायचे, असे दिवसभर चालते. त्यामुळे नकाशावर किरकोळ वाटणाऱ्या ५० किलोमीटरच्या टप्प्यात चढाईची बेरीज सहज हजार मीटरपर्यंत जाते. म्हणून भाड्याच्या प्रत्येक सायकलीला पुढे लहान दातेचक्र आणि मागे मोठी कॅसेट, म्हणजे दातेचक्रांचा संच, बसवण्याचा आग्रह भागीदाराने पहिल्यापासून धरला. या आग्रहाला फ्रान्समध्ये जुनी परंपरा आहे. सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०), जे ‘व्हेलोसिओ’ या नावाने ओळखले जात, त्यांनी गिअर बदलता येणाऱ्या सायकलीची बाजू आयुष्यभर मांडली. तूर द फ्रान्स शर्यतीच्या संयोजकांनी मात्र डिरेलरला, म्हणजे साखळी एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, १९३७ पर्यंत परवानगी दिली नाही. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि केवळ अहंकारापोटी पेडल मारू नये, हे व्हेलोसिओंचे नियम आम्ही पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगतो. त्यातला शेवटचा नियम पुण्यातल्या सायकलपटूंना दोनदा सांगावा लागतो.

खाण्यापिण्याचे नियम ऐकायला सोपे असले, तरी इथे ते पाळणे कठीण आहे. मोर्वाँची लोकवस्ती विरळ आहे आणि अनेक खेड्यांत दुकान उरलेले नाही. जिथे बेकरी आहे, तिथे ती बहुधा सोमवारी बंद असते. किराणा दुकान दुपारी साडेबाराच्या सुमारास दार ओढून घेते आणि ते तीनच्या आसपास उघडते. उपाहारगृहात दीडनंतर पोहोचलेल्या माणसाला जेवण मिळेलच असे नाही. घाटमाथ्यावर कुठेतरी चहाची टपरी लागेल या भरवशावर निघणाऱ्या आपल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्या कामाचा खरा पाया यातूनच तयार झाला. कोणत्या गावात कोणत्या वारी काय उघडे असते, कोणत्या शेतघरी आगाऊ सांगितले तर आम्लेट आणि सॅलड मिळते, कोणत्या पायवाटेवर पावसानंतर लाकूड वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी चिखल केलेला असतो, याची एक वही आम्ही ठेवली. आज ती संगणकात असली, तरी दर वसंतात भागीदार प्रत्येक दुकानदाराला स्वतः भेटून तिच्यात दुरुस्त्या करतो. मार्गाची आखणी काय, एक मिशेलँचा नकाशा आणि थोडा सराव असलेल्या कोणालाही जमते. त्या नकाशावर निसर्गरम्य रस्त्याला हिरवी कड असते आणि चढाच्या तीव्रतेप्रमाणे एक, दोन किंवा तीन बाण असतात.

पाण्याची गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. फ्रान्समधल्या सायकलस्वारांना ठाऊक असलेली युक्ती अशी, की गावाबाहेरच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालण्यासाठी नळ असतो आणि त्यावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल, तर बाटली तिथे भरून घ्यावी. आमच्याकडे आलेले ठाण्याचे एक निवृत्त काका लोखंडी फाटकापाशी सायकल टेकवून उभेच राहिले. “अहो, स्मशानातलं पाणी प्यायचं म्हणता?” त्यांनी विचारले. “काका, गावात घराघरांत जातं तेच नळाचं पाणी आहे,” मी म्हणालो. काकूंनी काही न बोलता दोघांच्या बाटल्या उचलल्या, आत जाऊन भरल्या, बाजूच्या थडग्यावरच्या जिरेनियमलाही थोडे पाणी घातले आणि परत येऊन काकांच्या हातात बाटली ठेवली. काकांनी ती मुकाट्याने तोंडाला लावली. तेव्हापासून मराठी गटाला या नळांची कल्पना आम्ही निघण्यापूर्वीच देतो. आत जाणे जिवावर येत असेल, तर बाटल्या आम्ही भरून आणतो.

व्यवसाय वाढवताना फ्रेंच कायद्याची ओळख सविस्तर झाली. सायकल भाड्याने देणे ही एक गोष्ट आहे. परंतु मुक्काम, सायकल आणि सामानाची ने-आण एकत्र करून एका किमतीत विकायचे म्हटले, की पर्यटन व्यावसायिक म्हणून नोंदणी लागते, आणि त्यासाठी आर्थिक हमी व व्यावसायिक दायित्वाचा विमा दाखवावा लागतो. मोबदला घेऊन गटासोबत सायकलवर मार्गदर्शक म्हणून जाण्यासाठी शासनमान्य पात्रता आणि व्यावसायिक ओळखपत्र हवे. ही पात्रता भागीदाराने मिळवली आणि कागदपत्रांचा भार मी उचलला. वेळ आणि पैसा दोन्ही गेले, पण ग्राहकाचा आगाऊ भरलेला पैसा सुरक्षित राहावा हा त्यामागचा हेतू मला रास्त वाटतो.

महाराष्ट्रातून गट येऊ लागले, तेव्हा जेवणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. मोर्वाँचे ‘क्रापियो’ नावाचे जाड धिरडे परंपरेने डुकराच्या चरबीत भाजले जाते, आणि बहुतेक पारंपरिक फ्रेंच चीजसाठी वासराच्या जठरातले विकर वापरतात, हे कट्टर शाकाहारी पाहुण्यांना सांगणे आम्ही कर्तव्य मानतो. आमच्या नेहमीच्या दोन यजमान घरांत क्रापियो आता लोण्यात भाजून मिळतो. व्हेलोसिओ स्वतः शाकाहाराचे पुरस्कर्ते होते, ही माहिती यजमानांचे मन वळवताना फार उपयोगी पडली.

मराठी पाहुण्यांचा आवडता टप्पा वेझलेचा. तिथले मारी-मादलेनचे मोठे चर्च (बासिलिका) आणि ती टेकडी १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये ज्यांचे पाहुणे होते, ते फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ १९४४ मध्ये याच गावी वारले. त्यांचा जन्म मोर्वाँच्या कडेवरच्या क्लाम्सीचा. या क्लाम्सीचा आमच्या रस्त्यांशीही संबंध आहे. पॅरिसच्या शेगड्यांना लागणारे सरपण शतकानुशतके मोर्वाँतून जात असे. प्रत्येक व्यापारी ओंडक्याच्या टोकावर हातोडीने आपली खूण उठवी, ओंडके ओढ्यांत सोडले जात, आणि क्लाम्सीला खुणांप्रमाणे निवडून त्यांचे लांबलचक तराफे योन नदीतून राजधानीकडे निघत. सेताँचा तलाव १८५८ साली पूर्ण झाला, तोही मुळात या वाहतुकीला पाणी पुरवण्यासाठी. ज्यांना फार चढ नको असतात, त्यांना आम्ही क्यूर आणि योन यांच्या खोऱ्यांतून नेतो, म्हणजे जवळजवळ ओंडक्यांच्याच वाटेने.

जंगल मात्र बदलत आहे. बीच आणि ओक यांच्या जागी डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली असून तयार झालेले पट्टे सरसकट तोडले जातात. मागच्या हंगामात गर्द सावलीचा असलेला चढ पुढच्या जुलैमध्ये उघडाबोडका आढळतो. त्यावर इथे तीव्र मतभेद आहेत. भागीदाराचे वडील आयुष्यभर तोडणीच्या कामावर होते, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर आम्ही हा विषय जपून काढतो. माझे मत विचाराल, तर निवडक तोड परवडते, सरसकट नाही. पण मते काहीही असली तरी उघड्या पडलेल्या चढाची वेळ सकाळी नऊच्या आत आणणे, एवढे आमच्या हातात असते.

सध्या आमच्याकडे निम्म्या सायकली विजेच्या मदतीच्या आहेत. त्यांची बॅटरी प्रवासी विमानातून नेता येत नसल्यामुळे भारतातून येणाऱ्यांनी सायकल इथेच घ्यावी, हे बरे. हंगाम मे ते सप्टेंबर. शरद ऋतूत जंगल सुंदर दिसते, परंतु शिकारीचा हंगामही तेव्हाच सुरू होतो, आणि हाकारा चालू असल्याची पाटी दिसली की तो रस्ता सोडावा लागतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आम्ही फक्त निव्हर्ने कालव्याच्या काठाचा, ओसेरपासून दसीझपर्यंतचा सपाट मार्ग चालू ठेवतो, आणि गोठ्यात उरलेल्या सायकलींच्या चेन व ब्रेक पॅड बदलायला घेतो.