नांदेडहून औली: स्कीइंगला जाताय तर जोशीमठ पण नीट बघा

उत्तराखंडातल्या औलीला कसं जायचं, खर्च किती, बर्फ मिळतो का, हे ग्रुपवर सारखं विचारलं जातंय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही नांदेड, परभणी अन् लातूरचे दोस्त मिळून गेलतो.

नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीची बस धरून ऋषिकेश, इथपर्यंत सोपंय. खरा प्रवास पुढं. ऋषिकेश ते जोशीमठ (सरकारदरबारी आता ज्योतिर्मठ) साधारण 250 किलोमीटर, आपल्याकडं एवढं अंतर म्हणजे सकाळी निघून दुपारी जेवायला घरी, तिथं अख्खा दिवस जातो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, सगळा नदीकाठचा घाट, त्यामुळं उलटीची गोळी ज्याला लागते त्यानं आधीच घ्यायची, लाजू नका. बस पहाटेच सुटतात. ऋषिकेशला दुपारी पोचलात तर गुमान तिथंच मुक्काम करा, रात्री घाटात गाडी घालायची नाही. नांदेडच्या बऱ्याच लोकांना हा रस्ता हेमकुंड साहिब या शीख तीर्थामुळं माहीत असतो, तिथली चढाई सुरू होते ते गोविंदघाट जोशीमठच्या पुढंच आहे, पण ती यात्रा उन्हाळ्या-पावसाळ्यातली, हिवाळ्यातला हाच रस्ता वेगळा वाटतो.

आता मेन गोष्ट. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून रोपवेच्या भरवशावर जाऊ नका. जोशीमठहून औलीला जाणारा साधारण 4 किलोमीटरचा रोपवे जानेवारी 2023 पासून बंद आहे, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. वर फक्त रस्त्यानं जायचं, अन् बर्फ पडलेला असला की चाकांना चेन लावलेली लोकल टॅक्सीच घ्यायची, आपली गाडी खाली ठेवायची. वर औलीत एक चेअरलिफ्ट आहे 800 मीटरची, ती वेगळी, लोक दोन्हीत गोंधळ करतात.

रोपवे बंद कामून, तर जोशीमठची जमीन खचली. त्या जानेवारीत 800 पेक्षा जास्त घरांना तडे गेले, दोन हॉटेलं एकमेकांवर कलली म्हणून पाडावी लागली. आम्ही चहाला थांबलो तिथं शेजारच्या घरावर लाल रंगाची फुली अजून दिसत होती, म्हणजे राहायला धोकादायक. भिंतीतल्या भेगेत सिमेंट भरलेलं अन् त्या सिमेंटलाच परत भेग. बोट जाईल एवढी. चहावाले काका म्हणले, लिंपून काय होतंय, खालून सरकतंय.

अन् हे कोणाला माहीतच नव्हतं असं नाही हो! 1976 लाच सरकारनं नेमलेल्या मिश्रा समितीनं सांगितलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर बसलंय, जड बांधकामं करू नका, स्फोट करू नका, झाडं तोडू नका, पाण्याचा निचरा नीट करा. नंतर काय झालं ते डोळ्यांनी दिसतंच. पर्यटक स्की करतो वर, पण झोपतो, अंघोळ करतो, संडासला जातो बहुतेक खाली जोशीमठमध्ये, अन् ते सांडपाणी कुठं जातं तर बरंचसं शोषखड्ड्यात, म्हणजे त्याच मलब्यात. म्हणून मला तर वाटतं औलीत अजून दोन लिफ्ट लावायच्या की नाही हा वाद नंतर घाला, आधी खालची गटारं करा अन् नवीन हॉटेलच्या खोल्यांना लगाम घाला. स्कीवाले जास्त झाले म्हणून डोंगर खचत नाही.

वर एक कृत्रिम तळं आहे, बर्फ बनवणाऱ्या मशिनींसाठी. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी या मशिनी आणल्या होत्या. तळ्याची क्षमता 25,000 किलोलिटर, म्हणजे अडीच कोटी लिटर. आमच्या लातूरच्या दोस्तानं लगेच हिशोब केला, 2016 ला मिरजेहून 50 वाघिणींची पाण्याची रेल्वे यायची ना 25 लाख लिटरची, तशा दहा! अन् गंमत बघा, मशीन चालायला पण हवा शून्याखाली लागते, थंडीच नसली तर तळं भरून काय उपयोग. फेब्रुवारी 2023 मधल्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून रद्दच झाल्या होत्या. तिथला स्की शिकवणारा पोरगा म्हणला, बर्फ नाही तर आमचा सीझनच नाही, मग दिल्लीत हॉटेलात काम शोधायचं. त्यामुळं "पर्यटक बंद करा" म्हणणाऱ्यांचं पण मला पटत नाही, त्या पोरानं खायचं काय?

तर जाणाऱ्यांसाठी. डिसेंबरच्या सुट्टीत बर्फाची खात्री धरू नका, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी मध्य त्यातल्या त्यात बरा, अन् निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या कोणाला तरी फोन लावून विचाराच. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. एक मुक्काम जोशीमठच्या अलीकडं पीपलकोटीला करा, जोशीमठवरचा भार तेवढाच कमी अन् प्रवासही तुटतो. जीन्स घालून बर्फात जाऊ नका, ओली होऊन हाल होतात, जाकीट-बूट तिथं भाड्यानं मिळतात, विकत घ्यायचा खर्च करू नका. पहिल्यांदा स्की करणाऱ्यानं शिकवणारा घ्याच, सरळ उभं राहायलाच अर्धा दिवस जातो. खरंच शिकायचं असेल तर गढवाल मंडल विकास निगमचे 7 अन् 14 दिवसांचे कोर्स असतात. कॅश जोशीमठमध्येच काढून घ्या.

वरून गोरसों बुग्याल (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण) साधारण 3 किलोमीटर आहे, चालत जाता येतं, नंदादेवी समोर दिसते (7,816 मीटर). पण तिथं तंबू ठोकून रात्र काढायची नाही, 2018 ला उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केलाय. कोणी एजंट "अरेंज करतो" म्हणला तरी नको. वेफर्सची पाकिटं, बाटल्या, लेकरांचे डायपर सगळं पिशवीत भरून परत खाली आणा. 2019 ला एका बड्या उद्योगपतीच्या घरची लग्नं औलीत झाली होती, शेकडो क्विंटल कचरा निघाला, हायकोर्टानं 3 कोटी रुपये जमा करायला लावले. आपल्या पाकिटाला कोर्ट विचारणार नाही, पण म्हैसमाळला दर रविवारी काय होतं ते आपण बघतोच की.

शेवटचं, परतीचं तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा सोडा. बर्फ किंवा दरड पडून रस्ता बंद झाला तर दिल्लीची गाडी हमखास हुकते, अन् सचखंडचं वेटिंग किती असतं ते आपल्याला माहीतच आहे.