वजनात पाणी, राखेत माती : आमची वाटचाल

शेतातल्या काडाकचऱ्यापासून इंधनाच्या कांड्या करायला निघालेला प्रत्येकजण आधी कागदावर टन मोजतो. भागात पऱ्हाटी इतकी, तुराट्या इतक्या, शेंगांची टरफलं इतकी, की झाला हिशेब. प्रत्यक्षात सगळं काड कुणाच्याच हाती लागत नाही. काही जनावरं खातात, काही जमिनीला परत मिळायलाच हवं, आणि उरलेलं सुगीनंतर दोन-तीन महिन्यांत उचललं नाही तर पुढच्या पेरणीसाठी शेतकरी काडी लावून मोकळा होतो. मोकळं कुटार घनमीटरला जेमतेम ८० ते १५० किलो भरतं, म्हणजे ट्रकभर हवेचंच भाडं भरायचं. म्हणून आमच्या कारखान्याने पहिल्यापासून दोन गोष्टी धरल्या: पऱ्हाटीची कुट्टी बांधावरच करायची, आणि शेडपेक्षा गंजीला जास्त जागा ठेवायची. नव्याने येणाऱ्यांनी दुसरं मशीन घेण्याआधी ताडपत्र्या घ्याव्यात. हे ऐकत कुणी नाही, तरी सांगतो.

पहिलं मशीन ६० मिमी जाडीच्या कांडीचं, पुढे ९० मिमीचं आलं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे जड फिरत्या चाकाच्या जोरावर रॅम (ठोसणारा दांडा) डायमध्ये (कांडीच्या साच्यात) भुसा ठोसतो, दाब चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या पुढे जातो, घर्षणाने माल तापतो आणि काडातलं लिग्निन, म्हणजे वनस्पतीतला नैसर्गिक चिकट घटक, मऊ होऊन तोच कण धरून ठेवतो. वरून गोंद नाही, मळी नाही. त्यामुळे सगळा खेळ ओलाव्याचा. ८ ते १२ टक्के ओलावा असला की कांडी गुळगुळीत, चकचकीत निघते. १५ च्या वर गेला की वाफ डायमध्ये कोंडते आणि कांडी फटाक्यासारखी तुकडे होऊन उडते. अशा वेळी तोंडासमोर उभं राहू नये. पाच-सहाच्या खाली गेला तर माल नीट धरत नाही, कांडी आडवी चिरते आणि मोटर जादा ॲम्पिअर ओढते. कूलिंग लाइन, म्हणजे डायपुढे कांडी दाबातच गार होत सरकते तो मार्ग, तोकडी ठेवून जागा वाचवणारेही पाहिलेत. कांडी गरम असतानाच दाबातून सुटते, फुगते, आणि ट्रकमध्ये चढेपर्यंत अर्धा भुसा होतो.

आमचे सुरुवातीचे भागीदार मुळातले फिटर. त्यांचा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आजही ऑफिसच्या कपाटात आहे. डाय उतरवली की आधी पुसायची, मग तोंडाशी, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी माप घ्यायचं, वहीत लिहायचं आणि त्या पाळीत कुठला माल चालला तेही शेजारी टिपायचं. त्या वहीमुळेच भाताच्या तुसाचा खरा खर्च दिसला. तुसात राख १५ ते २० टक्के, आणि तीही बहुतेक सिलिका. रॅमच्या टोकावरचं हार्डफेसिंग, म्हणजे वर चढवलेला कडक धातूचा थर, सँडपेपरने घासल्यासारखा उतरतो. तूस स्वस्त पडतो म्हणणाऱ्याने रॅम, डाय आणि माल बारीक करणाऱ्या हॅमर मिलच्या हातोड्या त्यात धरलेल्या नसतात. वेल्डिंग रॉडचा थर चढवून ग्राइंडरने टोक पुन्हा मापात आणणं हे काम भागीदार शेवटपर्यंत स्वतःच करत. घाई केली तर थर गार होताना तडकतो.

मधली वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मग शेजारच्या पट्ट्यात एक मोठा कारखाना उभा राहिला आणि किलोमागे आमच्यापेक्षा कमी दर देऊ लागला. नाव घेत नाही. त्यांचा माल आम्ही आणून तपासला. पऱ्हाटीत तूस, तुसात शेतातली माती. ओलावा १४ टक्के, राख १८ टक्के. आमच्या कांडीत ओलावा ९, राख ५. दहा टनांची गाडी घ्या: आमच्या गाडीत जळणारा माल ८.६ टन, त्यांच्या गाडीत ६.८ टन. काट्यावर दोन्ही सारख्याच. फरक असलेलं १.८ टन पाणी आणि माती गिऱ्हाईक विकत घेत होतं, वर त्यातलं पाणी उडवायला पाण्याच्या किलोमागे सहाशेच्या आसपास किलोकॅलरी जाळत होतं आणि राख काढायला माणूस ठेवत होतं.

खरेदी विभागासमोर मात्र त्यांचा लॅब रिपोर्ट झकास. त्यातल्या युक्त्या ओळखून ठेवा. उष्मांक (किलोभर माल जाळून मिळणारी उष्णता) कोरड्या मालावर दाखवायचा, म्हणजे ओलावा हिशेबातून गायब. राख दगडी कोळशाच्या पद्धतीने ८१५ अंशांवर काढायची. काडीकचऱ्याच्या राखेसाठी आयएसओ १८१२२ या आंतरराष्ट्रीय मानकात ५५० अंश दिलेत, त्याला कारण आहे: ८१५ वर राखेतले कार्बोनेट फुटतात, पोटॅशचाही काही भाग उडून जातो आणि राख आहे त्यापेक्षा कमी भरते. आणि नमुना? ढिगावरची निवडलेली चार कोरडी कांडकी.

वर्षभरात आमची तीन मोठी गिऱ्हाइकं तिकडे गेली. सुगीत रोखीने भरलेला माल गंजीत पडून, मशीन बंद, बँकेचा हप्ता चालू. पावसात गंजी आतून तापायला लागल्या. लोखंडी पाइपातून थर्मामीटर पोटात घालून रोज पाहायचं. आकडा ६० अंशांपुढे चढू लागला की गंजी फोडून पसरायची. वरून पाणी मारू नये, ते पोटापर्यंत पोचत नाही आणि वरचा माल कुजतो. त्या हंगामात कारखाना मोडीत काढायचे कागद तयार होते.

कारखाना तरला तो कापड रंगवणाऱ्या एका युनिटमुळे. त्यांनीही महिनाभर तिकडचा माल घेतला होता. पण त्यांच्या बॉयलर अटेंडंटची सवय अशी की बॉयलरला जाणाऱ्या फीड पाण्याच्या मीटरचं रीडिंग दर पाळीला लिहायचं, ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडून दिलेलं पाणी) वजा करायचा आणि जळलेल्या कांड्यांच्या वजनाने भागायचं. आमच्या मालावर किलोला साडेचार किलोच्या आसपास वाफ होत होती, तिकडच्या मालावर आकडा साडेतीनसुद्धा गाठत नव्हता. त्यात जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून थिजलेल्या राखेचे खडे. काडातला पोटॅश आणि मातीतली सिलिका एकत्र वितळते, जाळीच्या फटी बुजतात, खालून हवा येत नाही, मग सब्बलने फोडत बसा. त्या अटेंडंटने वहीचं पान मालकांसमोर ठेवलं, आणि मालकांनी दर किलोवर ठरवायचं बंद केलं. त्यांनीच आगाऊ दिलेल्या रकमेवर आमची पहिली पाळी पुन्हा सुरू झाली.

आता आमचा प्रत्येक करार गाडी आली त्या अवस्थेतल्या उष्मांकावर होतो. ओलावा १० च्या वर गेला की वजनात कपात, राख ठरल्यापेक्षा जास्त निघाली की दरात. एका जुन्या गिऱ्हाइकाला ही अट जाचक वाटली, ते गेले, पुढच्या हंगामात परत आले. तिकडच्या मोठ्या कारखान्याच्या चलनावरही हल्ली ओलाव्याचा रकाना दिसतो. पूर्वी हेच लोक आम्ही ओलावा मोजतो म्हणून आम्हाला मीटरवाले म्हणत हसत.

नमुना घेताना गाडीच्या पुढून, मधून, मागून, वरून आणि तळातून माल घ्या. फोडून ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तेच, किलोभर उरेपर्यंत. मग तीन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या लगेच सील करा, कारण उघड्यावर ओलावा तासाभरातही बदलतो. एक पिशवी गिऱ्हाइकाची, एक आपली, आणि तिसरीवर दोघांच्या सह्या. बिल चुकतं होईपर्यंत ती तिसरी कुणीही फोडायची नाही.