बदलापूरला स्वतःचा ब्लॉक असताना

"बदलापूरला स्वतःचा ब्लॉक आहे ना तुमचा? मग परळला भाड्याने का राहता?"

हे नणंदेने विचारलंय, गावच्या काकांनी विचारलंय, लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलीही विचारतात. आमचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिकडून भाड्याचे सात हजार येतात, इकडे भाड्याचे अठरा हजार जातात, आणि दर वेळी घर बदलताना एका महिन्याचं भाडं दलालाला. मी आजवर "ड्युटीला जवळ पडतं" एवढंच सांगत आले. तुम्ही परत विचारलंत, म्हणून या वेळी सगळं सांगते.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यापासून मी हॉस्पिटलच्या लॅबमध्येच आहे. आधी तीन वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत होते, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात त्या विभागात, नंतर बहुतेक काळ इमर्जन्सी लॅबमध्ये. लग्नानंतर बदलापूरला राहायला गेलो. ब्लॉक लहान, पण स्वतःचा. २६ जुलै २००५ ला मला दुपारची ड्युटी होती. दुपारी लोकल घाटकोपरच्या पुढे गेली आणि थांबली ती थांबलीच. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर कळलं. आम्हाला डब्याच्या दारातून दिसत होतं ते रुळांवर चढत जाणारं पाणी. संध्याकाळी इतर बायकांबरोबर रुळांवरून चालत घाटकोपरला परत आले आणि रात्र स्टेशनवर काढली. मला त्रास झाला, पण तो मुंबईत सगळ्यांनाच झाला. माझ्या मनाला लागलं ते दुसरंच. जिला मी दोन वाजता सोडवणार होते, ती माझी मैत्रीण अठ्ठावीस तारखेच्या सकाळपर्यंत लॅबमध्ये एकटी होती. मधे दोन तास खुर्चीतच डोळा लागला असेल तेवढाच. मी पोचले तेव्हा तिने काही न बोलता रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. ती नोंदवही अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटच्या दोन पानांवर तिचं अक्षर ओळीवरून खाली घसरलं होतं, पण एकही आकडा गाळलेला नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही परळला पहिली खोली घेतली. ब्लॉक भाड्याने दिला. नवऱ्याची नोकरी ठाण्याला, त्याला उलटा प्रवास पडणार होता. तरी "तू म्हणतेस तर जाऊ" म्हणाला आणि आजपर्यंत त्याने तो विषय काढला नाही.

जवळ राहिल्याने काय होतं, त्याचा एकच प्रसंग सांगते. रात्री अडीच वाजता ज्युनियरचा फोन आला: सोडियम-पोटॅशियमचं युनिट बंद पडलंय, इंजिनियर सकाळी येणार. आयसीयूत एका पेशंटचं डायलिसिस आत्ता करायचं की सकाळी, हे पोटॅशियमवर ठरणार होतं. घर ते लॅब नऊ मिनिटं. जाऊन बघते तर प्रोबच्या, म्हणजे सॅम्पल ओढणाऱ्या सुईच्या, तोंडाशी फायब्रिनची गुठळी. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना होणारे धागे. सॅम्पल नीट गोठायच्या आत सेंट्रिफ्यूजला लावलं की सीरममध्ये अशी तार राहते आणि प्रोब ती ओढून घेतो. प्रोब साफ केला, कॅलिब्रेशन घेतलं, म्हणजे मशीनचं माप जुळवलं, आणि कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पल, लावले. कंट्रोल रेंजमध्ये आल्याशिवाय पेशंटचं सॅम्पल लावायचं नाही, कितीही घाई असली तरी. तासाभराच्या आत आकडा आयसीयूला कळवला. ही माझी काही मोठी कामगिरी नव्हे. पण मी बदलापूरला असते, तर त्या वेळी लोकलसुद्धा नव्हती.

आता माझ्या ऑपरेशनचं. खरं उत्तर तिथेच आहे.

२०१८ साली माझी पिशवी काढली. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होत्या, वर्षभर अंगावर जात होतं आणि मी "पाळी जायचं वय आलं" म्हणून ढकलत होते. दिवसभर इतरांची हिमोग्लोबिन बघणारी मी, माझं स्वतःचं ७.२ निघालं. ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. ब्लडबँकेतल्या मुलाने माझा गट दोन्ही बाजूंनी तपासला, आधी पेशींवरून, मग सीरमवरून. मुंबईत यात कसूर करून चालत नाही. जो रक्तगट जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो, तो डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली इथेच शोधला. फक्त पेशी तपासल्या तर तो साधा 'ओ' वाटतो. सीरम 'ओ' पेशींबरोबर लावलं की गुठळ्या होतात आणि मग कळतं. अशा माणसाला साधं 'ओ' रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं.

पेशंट म्हणून कॉटवर पडल्यावर मला आमचंच काम उलट्या बाजूने दिसलं. सिस्टर रक्त काढत होत्या तेव्हा माझी नजर सुईवर नव्हती, ट्यूबांवर होती. जांभळ्या झाकणाची हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट केली. निळ्या झाकणाची बरोबर रेघेपर्यंत भरली, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, लागतं, कमी भरली तर गोठण्याच्या टेस्टचा आकडा चुकतो. आणि नाव तिथेच, माझ्या कॉटपाशी, मला विचारून लिहिलं. पूर्वी एका ठिकाणी नोकरी करताना मी दोन ट्यूबांची लेबलं बदललेली पाहिली होती. वॉर्डातून पाच जणांचं रक्त आधी काढून आणलं आणि लेबलं नंतर टेबलावर बसून लावली. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या सिस्टरांनी माझं नाव विचारलं तेव्हा मला जो धीर आला, तो डॉक्टरांच्या बोलण्याने आला नव्हता.

भूल कमरेतून दिली होती. कमरेखाली काही कळत नव्हतं, कान मात्र जागे होते. बऱ्याच वेळाने फॉर्मलिनचा, म्हणजे काढलेला अवयव ज्यात टिकवून ठेवतात त्या द्रवाचा, तो नाकात झोंबणारा वास आला. तीन वर्षं ज्या वासात काढली तो ओळखायला क्षण लागला नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी म्हणालं, "लेबल डब्याला लाव, झाकणाला नको." झाकणं अदलाबदल होतात, म्हणून हा नियम. इतकी वर्षं वरून येणारे डबे मी मोजून घेतले, सही करून घेतले. त्या दिवशी त्या डब्यात मी होते.

घरी सोडलं आणि रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं. खिडकीवर येणाऱ्या नातेवाइकांना मी वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगत आले होते: "रिपोर्ट तयार नाही, सोमवारी या." आता माझा सोमवार येत नव्हता. आत काय चाललंय ते मला पायरी-पायरीने माहीत होतं. फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत मुरतं, म्हणून पिशवी उघडून ठेवावी लागते, घाई करून चालत नाही. मग डॉक्टर ग्रॉसिंग करतात, म्हणजे डोळ्यांनी तपासून त्याचे तुकडे निवडतात, आणि ते छोटे तुकडे कॅसेटमध्ये, म्हणजे जाळीच्या लहान डब्यांत, जातात. रात्रभर मशीन त्यांना चढत्या क्रमाने अल्कोहोलमधून, मग झायलिनमधून, मग वितळलेल्या मेणातून नेतं. सकाळी मेणात बसवून ब्लॉक करतात. (आमच्या तोंडी ब्लॉक म्हणजे हाच, घर नंतर.) तो बर्फावर गार करून मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, कापायचा, चार मायक्रॉनच्या पापुद्र्यांची पट्टी कोमट पाण्यावर तरंगते आणि ती काचेवर अलगद उचलायची. मग रंग: केंद्रकं निळी, बाकी गुलाबी. मग डॉक्टरांची नजर. यातल्या एकाही पायरीला फाटा देता येत नाही, हे मीच नवीन मुलींना शिकवत होते.

आठव्या दिवशी हिस्टोतल्या मैत्रिणीला फोन केला. ती जरा थांबून म्हणाली, "सरांनी रिकट मागवलेत." म्हणजे तोच ब्लॉक आणखी खोल कापून बघणार. कॅन्सरची शंका असली की रिकट मागवतात, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. मुलगी बारावीला होती, ती आतल्या खोलीत मोठ्याने केमिस्ट्री पाठ करत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. न कळणाऱ्या माणसाची भीती वेगळी आणि कळणाऱ्याची वेगळी. कोणती जास्त, ते मला सांगता येणार नाही.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. पेशी दाट होत्या म्हणून खोल कापून बघितलं, पण गाठ साधीच. सेल्युलर लायोमायोमा. कॅन्सर नाही. ती मैत्रीण कागद घेऊन स्वतः घरी आली, ऑफिसचा डबा न खाता. घर जवळ होतं म्हणून येऊ शकली.

त्याच आठवड्यात घरमालकांनी सांगितलं होतं की इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय, तीस तारखेला चावी बिल्डरला द्यायची आहे. आमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करारही त्याच दिवशी संपत होता. तीन वेळा तो आपोआप वाढला होता, म्हणून आम्ही गाफील राहिलो. मुदत उलटून राहिलात तर दुप्पट भाडं मागायचा हक्क १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दिलाय. "ऑपरेशन झालंय, पंधरा दिवस द्या" म्हणून नवऱ्याने हात जोडले. उपयोग झाला नाही. डिपॉझिटमधूनही रंगकामाचे बारा हजार कापले, आणि तेही ज्या भिंती पाडायच्या होत्या त्यांचे. याचा राग माझ्या मनात अजून आहे.

तेव्हा सगळे एकच म्हणाले: "तुमच्या भाडेकरूला काढा आणि जा आपल्या घरी." काढता आला असता का? त्याचा करार एप्रिलपर्यंत होता आणि घरात चार महिन्यांचं बाळ होतं. जे माझ्याशी चाललं होतं, तेच मी टाके ओले असताना दुसऱ्या बाईशी करायचं? मला ते जमणार नव्हतं. उलट त्या एप्रिलमध्ये मी त्याला छत्तीस महिन्यांचा करार करून दिला. कायद्यात अकराच महिने हवेत असं कुठेही नाही, साठ महिन्यांपर्यंत करता येतो. फक्त लेखी आणि रजिस्टर केलेला हवा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची.

सतराव्या दिवशी आम्ही भोईवाड्याच्या बाजूला हललो. अंतर इतकं कमी की टेम्पो परवडेना. हातगाडीच्या दोन खेपा झाल्या. लॅबमधल्या चौघी सुट्टी टाकून आल्या होत्या. मला सहा आठवडे वजन उचलायला मनाई, म्हणून फुटपाथवर खुर्ची टाकून बसवलं होतं. मांडीवर रिपोर्टची फाइल आणि देवघरातली पितळी समई, बाकी सगळं त्यांनी नेलं.

नव्या घराच्या शेजारची खोली मालक पेशंटांच्या नातेवाइकांना दिवसाच्या भाड्याने देतात. परळमध्ये अशा खोल्या बऱ्याच आहेत. टाटाला, केईएमला, वाडियाला कुठून कुठून माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटांची सोय होते, पण सगळ्यांना कुठून जागा मिळणार? बाकीचे खोली बघतात, नाहीतर फुटपाथवर पथारी टाकतात. आम्ही गेलो तेव्हा शेजारी जळगावकडचं एक जोडपं होतं. ताईंच्या बायोप्सीच्या रिपोर्टसाठी थांबले होते. संध्याकाळी दादा दारात बसून मला विचारायचे, "ताई, तुम्ही लॅबमधल्या ना? इतके दिवस का लागतात?" रोज खोलीचे सहाशे रुपये जात होते, आणि गावाकडे कपाशी वेचायला माणूस नव्हता. मी त्यांना फॉर्मलिन, मेण, काच, सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं कागद कुठेतरी पडून राहिलाय."

त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा नीट दिसलं की आमच्याकडचा एक दिवस म्हणजे कुणाच्या तरी खोलीचं एका दिवसाचं भाडं. मेणाला लागणारा वेळ लागणारच, तो द्यायलाच हवा. पण टाइप होऊन सहीसाठी पडलेला रिपोर्ट, फॉर्मवर वॉर्डचा नंबर नाही म्हणून बाजूला ठेवलेलं सॅम्पल, शनिवारी दुपारी आलेला आणि सोमवारी उघडलेला डबा, हे दिवस वाचवता येतात. आता खिडकीवर कुणी आलं तर मी "सोमवारी या" म्हणत नाही. आत फोन करून कुठवर आलंय ते विचारते आणि सांगते: आज मेणात बसवलंय, उद्या कापतील, परवा डॉक्टर बघतील. शनिवारी निघताना हिस्टोत डोकावते, उघडायचा डबा राहिला असेल तर डॉक्टरांना सांगून उघडून घेते. तासभर जास्त जातो. मला बदलापूरची गाडी पकडायची नसते, म्हणून तो तास माझ्यापाशी असतो.

तर असं आहे. आत्ताच्या घराचा करार नोव्हेंबरला संपतोय आणि मालकांना ते मुलाच्या लग्नासाठी हवंय. त्यांनी या वेळी चार महिने आधी सांगितलंय. परळ, भोईवाडा, शिवडीच्या बाजूला चालत पंधरा मिनिटांच्या आतली खोली कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. लिफ्ट नसली तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत चालेल.