एकाच मशीनवर मुंबई ते सिंगापूर

एकाच होस्टवरच्या, म्हणजे एकाच खऱ्या मशीनवरच्या, दोन व्हीएममध्ये (आभासी संगणकांमध्ये) आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन चालवलं की सेकंदाला २० गिगाबिटसुद्धा दिसतात. त्यावर विसंबू नका. डेटाची पाकिटं खऱ्या नेटवर्क कार्डाला शिवतच नाहीत, मेमरीतल्या मेमरीत कॉपी होतात.

अशा व्हीएमचा खरा फायदा लांबचं अंतर उभं करण्यात आहे. वर्सोव्याला उतरणाऱ्या समुद्री केबलवरून सिंगापूरची जा-ये साठेक मिलिसेकंदांची धरा. मधे राउटर म्हणून तिसरं व्हीएम ठेवून त्यावर नेटएमने (लिनक्समधली, नेटवर्कला मुद्दाम उशीर लावणारी सोय) ६० मिलिसेकंद उशीर घाला. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: नेटएमची रांग मुळात १००० पाकिटांची. १ गिगाबिटला तेवढ्या वेळात ७.५ एमबी, म्हणजे १५०० बाइटची ५००० पाकिटं वाटेत असतात. रांगेचं लिमिट १०००० करा, नाहीतर पाकिटं गळतात आणि खापर बिचाऱ्या टीसीपीवर (पाकिटं नीट पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर) फुटतं. व्हीएमचं आभासी नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ प्रकारचंच निवडा. ई१००० हे इंटेलच्या जुन्या कार्डाची नक्कल करणारं कार्ड सीपीयू खातं.