आमची वाटचाल : उद्यमबागेतील पॅटर्न शॉप

वडिलांनी १९८६ साली बेळगावच्या उद्यमबागेत हे पॅटर्न शॉप सुरू केले. वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा, त्यासाठीचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. सुतारकामाविषयी मला आदरच आहे. परंतु आमच्या कामाला केवळ सुतारकाम समजून त्याचा दर ठरवला जातो, याची खंत मी लपवणार नाही. सागवानाला रंधा लावण्यापूर्वी साचा कुठे उघडेल, आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, कशाच्या आधाराने बसेल, वाळूची कड न मोडता पॅटर्न वर यावा म्हणून ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना उतार, किती द्यावा आणि मशिनिंगसाठी कोणत्या बाजूला जादा माल ठेवावा, याचा पूर्ण विचार झालेला असावा लागतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून आमच्या आकुंचन पट्टीवरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटरने लांब असतो. वडिलांची ती पट्टी मी आजही वापरतो.

२००८ च्या मंदीत कामे आटली असतानाच, आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, एका पंप कारखान्याने, आपले काम निम्म्या दराने एका नव्या शॉपला दिले. त्या शॉपने आमच्याच पॅटर्नवरून निघालेले कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, वाळूत दाबून साचे उठवले. एकदा आकसलेल्या मापावर बीड पुन्हा आकसणार आणि ३०० मिलिमीटरचा फ्लँज, म्हणजे जोडणीची कड, २९७ वर येणार, हे मी कारखान्याला लेखी कळवले. उत्तर आले नाही. पगार थकले, लाकूड कापायचा बँडसॉ विकावा लागला.

त्या काळात शहापूरच्या एका लहान फाउंड्रीच्या मालकांनी, आमच्या अण्णांनी, आगाऊ पैसे देऊन काम दिले. "तुझा पॅटर्न काढताना मोल्डरला ठोकाठोक करावी लागत नाही," एवढेच ते म्हणत. रिजेक्ट झालेले प्रत्येक कास्टिंग ते आमच्यासमोर फोडायला लावत. वायूमुळे पडणारे छिद्र, म्हणजे ब्लोहोल, कुठे आला, कोअर का सरकला, हे आम्ही वहीत नोंदवत गेलो आणि पुढचा कोअर बॉक्स, म्हणजे कोअर घडवायची पेटी, त्या नोंदी वाचूनच करू लागलो. नव्या पॅटर्नमेकरांना माझे सांगणे आहे की, संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र खुशाल वापरा, पण साचा जिथे उघडतो ती पार्टिंग लाइन स्वतः ठरवा आणि पहिली ओतणी होताना फाउंड्रीत उभे राहा.

पुढे तो पंप कारखाना परत आला, माझ्या पत्राचा उल्लेखही न करता. तेव्हापासून आमच्या कोटेशनमध्ये लाकूड व मजुरीखेरीज 'पॅटर्नची आखणी' ही वेगळी रक्कम लिहिलेली असते, आणि ती कमी करून मिळत नाही.