‘-आनी’ कुठून आलं?

आजचा अख्खा दिवस सिंधी आडनावांत गेला. वंशावळ लावणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

हिरानंदानी, कृपालानी या आडनावांत गावाचं किंवा धंद्याचं नाव नसतं, मूळ पुरुषाचं असतं. हिरानंदचे वंशज ते हिरानंदानी. सिंधमधल्या हैदराबादचे सिंधवर्की (सिंधी कलाकुसरीचा माल परदेशी विकणारे) व्यापारी १९व्या शतकात मुंबईमार्गे इजिप्त, जावा, जिब्राल्टरपर्यंत पेढ्या काढत गेले, त्यांच्यातही हीच रीत. आहुजा, राहेजा यांतला ‘-जा’सुद्धा वंशजच सांगतो, पण तो अरोडा या पंजाबी जातीतही आहे.

घोळ होतो तो इथे. दोन वेगळ्या गावांत दोन वेगळे हिरानंद असू शकतात, म्हणून आडनाव जुळलं की भाऊबंद ठरवू नका. लखानी, विराणी तर गुजराती खोजा मुसलमानांतही आहेत.

आधी आजोबा-पणजोबांची नावं आणि फाळणीपूर्वीचं गाव लिहून घ्या. घराणं आमिल (सरकारी नोकरीतलं) की भाईबंद (व्यापारी), हेही विचारा. मग हरिद्वारच्या पंड्यांच्या (तीर्थपुरोहितांच्या) वंशावळीच्या वह्या बघा, कारण त्या मूळ गावानुसार लावलेल्या असतात. नुसतं ‘उल्हासनगर’ सांगून तिथे काही सापडत नाही. उल्हासनगरात, म्हणजे जुन्या कल्याण कॅम्पात, वयाच्या ऐंशी-नव्वदीतली, जुनं गाव सांगू शकणारी माणसं अजून आहेत. त्यांना आधी गाठा, वह्या नंतरही बघता येतील.