संकल्पचित्रात वायर कुठे जाते?

रोजच्या वापरातील उपकरणांची आणि घरगुती वस्तूंची संकल्पचित्रे, म्हणजे अजून बाजारात न आलेल्या आणि बहुधा कधीच न येणाऱ्या वस्तूंची देखणी चित्रे, पाहत बसण्याची मला जुनी खोड आहे. ही चित्रे पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही, आणि ती सगळी फोल आहेत असेही माझे मत नाही. मात्र शेकडो चित्रे पाहून झाल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली, ती अशी की त्यांत वायर कधीच नसते. दिवा टेबलावर लखलखत असतो, पंखा भिंतीवर फिरत असतो, यंत्राचा पृष्ठभाग दुधासारखा शुभ्र असतो, पण प्लग कुठे लावला आहे, धूळ कुठे साचते आणि बिघाड झाल्यावर स्क्रू कुठून उघडायचा, यांपैकी काहीही चित्रात दिसत नाही. तेव्हापासून कोणतेही नवे संकल्पचित्र समोर आले की मी आधी त्यातली वायर शोधतो.

उदाहरणार्थ, 2010 मध्ये इलेक्ट्रोलक्स डिझाइन लॅब या स्पर्धेच्या अंतिम फेरीत युरी दिमित्रिएव या रशियन रचनाकाराचा एक फ्रिज होता. त्याला दार नव्हते, कप्पे नव्हते आणि मोटरही नव्हती; हिरवट, चिकट न होणाऱ्या जेलीच्या जाड थरात वस्तू नुसती खुपसायची आणि जेलीने तिला धरून ठेवून थंड करायचे, अशी ती कल्पना होती. ते चित्र मोहक होते यात शंका नाही. परंतु फ्रिज ही मुळात आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारी हमाली आहे. एका ठिकाणची उष्णता काढली की ती दुसरीकडे टाकावीच लागते, आणि आपल्या फ्रिजच्या पाठीमागची किंवा बाजूची ऊब ही त्या हमालीचीच खूण असते. जेलीच्या चित्रात ती ऊब कुठे जाते हे दाखवलेले नव्हते. माझ्या दृष्टीने तीच त्या चित्रातली गायब वायर.

याहून बोलके उदाहरण 2008 मधील ग्रॅव्हिया नावाच्या दिव्याचे आहे, आणि त्यावर थोडे थांबायलाच हवे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथील एका विद्यार्थ्याने हा उंच, खांबासारखा दिवा कल्पिला होता. त्यात सुमारे 23 किलो वजन हाताने वर न्यायचे, ते हळूहळू सुमारे सव्वा मीटर खाली उतरणार, उतरताना आतले चक्र फिरवणार आणि त्या विजेवर एलईडी चार तास जळणार, तेही 600 ते 800 ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाशाने. पर्यावरणपूरक उपकरणांच्या एका स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिकही मिळाले. नंतर लोकांनी वही-पेन घेऊन हिशेब केला, आणि तो हिशेब शाळेत शिकलेल्या सूत्रापलीकडचा नाही. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर हाती येतात सुमारे 280 ज्यूल. ते चार तासांत, म्हणजे 14,400 सेकंदांत वाटले तर एका वॅटचा जेमतेम पन्नासावा भाग उरतो. एका वॅटमागे 100 ल्युमेन देणारा चांगला एलईडी धरला तरी 600 ल्युमेनसाठी सहा वॅट लागतात. म्हणजे चित्राने दिलेले वचन निसर्गाच्या ऐपतीच्या तीनशे पट होते. तेवढ्याच उंचीवरून ते पाळायचे तर वजन सात टनांच्या वर लागले असते, आणि ते दर चार तासांनी उचलणारे कोणीतरी घरी हवे होते.

एवढ्यावर त्या कल्पनेला हसून सोडून देता आले असते. पण 2012 मध्ये लंडनमधील मार्टिन रिडिफर्ड आणि जिम रीव्ह्ज या दोन रचनाकारांनी ग्रॅव्हिटीलाइट नावाचा दिवा लोकांपुढे आणला, आणि त्याचे तत्त्व तेच होते: वर ओढलेले वजन खाली येते आणि वीज देते. फरक होता तो अपेक्षेत. त्यांनी खोली उजळण्याची भाषा केली नाही. सुमारे 12 किलोची पिशवी 1.8 मीटरवरून साधारण 25 मिनिटांत खाली येणार आणि तेवढा वेळ एक लहानसा एलईडी जळणार, इतकेच त्यांचे म्हणणे होते. हा हिशेब मीही करून पाहिला: सुमारे 210 ज्यूल, दीड हजार सेकंद, म्हणजे एका वॅटचा सातवा भाग, आणि त्यातून घर्षणात जाईल ते वजा. हा उजेड तुटपुंजा खराच, पण रॉकेलच्या चिमणीच्या धुराशी तुलना केली तर तो पुरेसा ठरतो, आणि तो दिवा खरोखर बनला. एकच कल्पना एका ठिकाणी अशक्य आणि दुसऱ्या ठिकाणी वापरण्याजोगी ठरली, कारण दुसऱ्यांदा ती मांडणाऱ्यांनी आधी वजन टांगून पाहिले होते.

सुट्या भागांच्या मोबाइलची गोष्टही याच वाटेने गेली. 2013 मध्ये डेव्ह हाकन्स या डच रचनाकाराने फोनब्लॉक्स ही कल्पना मांडली. कॅमेरा, बॅटरी, पडदा हे सगळे ठोकळ्यांसारखे एका पाटीवर बसवायचे आणि बिघडलेला तेवढा ठोकळा बदलायचा, ही ती कल्पना. चित्रात हे लहान मुलांच्या खेळाइतके सोपे दिसे. प्रत्यक्षात प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचे कवच लागते, स्वतःची जोडणी लागते, आणि त्यामुळे जाडी, वजन व खर्च हे तिन्ही वाढतात. गूगलच्या प्रोजेक्ट आरामध्ये हेच काम मोठ्या तयारीने चालले होते. 2016 च्या मे महिन्यात प्रोसेसर आणि पडदा सांगाड्यातच पक्के करण्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. दरम्यान 2015 मध्ये आलेल्या फेअरफोन 2 मध्ये पडदा कोणत्याही अवजाराशिवाय काढता येत होता. त्या फोनची चित्रे कोणी भिंतीवर लावली नसतील, पण फुटलेला पडदा घरच्या घरी बदलता येणे ही मला ठोकळ्यांच्या सगळ्या स्वप्नाहून मोलाची सोय वाटते.

आता थोडे उलट दिशेने. बहुतेक संकल्पचित्रे गैरसोय दूर करण्याचे सांगतात, पण मला सर्वांत जास्त आवडलेल्या दोन वस्तू मुद्दाम गैरसोय निर्माण करतात. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी 2000 मध्ये केन्या हारा यांनी आखलेल्या एका प्रदर्शनासाठी टॉयलेट पेपरचा चौकोनी रोल केला. मधली नळी चौकोनी, त्यामुळे रोलही चौकोनी. ओढताना तो गोल रोलसारखा सरसर सुटत नाही, अडखळतो, आणि त्या अडखळण्यामुळे माणूस गरजेपुरताच कागद घेतो. शिवाय गोल रोल खोक्यात ओळीने रचले की सुमारे 21 टक्के जागा रिकामी जाते, ती चौकोनी रोलमध्ये वाचते. या वस्तूत वायर लपवलेली नाही. आहे तो फक्त कागद आणि पुठ्ठा, आणि सगळी बुद्धी एका कोपऱ्यात.

दुसरी वस्तू म्हणजे गौरी नंदा यांनी अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये विद्यार्थिनी असताना बनवलेले क्लॉकी हे गजराचे घड्याळ. गजर झाल्यावर तो थोडा लांबवून पुन्हा झोपले तर हे घड्याळ टेबलावरून उडी मारते आणि दोन चाकांवर पळत कुठेतरी लपते, मग त्याला शोधण्यासाठी उठण्यावाचून गत्यंतर नसते. 2005 मध्ये त्याला अर्थशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला दिले जाणारे गमतीदार पारितोषिक, मिळाले. हे घड्याळ कागदावर राहिले असते तर त्यातला विनोद कळला असता, पण ते खरोखर खाली पडून शाबूत राहते का, हा खरा प्रश्न कागदावर सुटलाच नसता.

विनोदाचा विषय निघाला आहे तर जपानच्या केन्जी कावाकामी यांच्या ‘चिंदोगू’चा उल्लेख टाळता येत नाही. बुटांच्या टोकांवर बसवलेल्या चिमुकल्या छत्र्या हा त्यातला एक नमुना. जवळजवळ निरुपयोगी अशा या वस्तूंचे नियम मात्र कडक आहेत: त्या विकायच्या नाहीत, त्यांचे पेटंट घ्यायचे नाही, आणि मुख्य म्हणजे त्या प्रत्यक्ष बनवलेल्या असल्या पाहिजेत. गंभीर चेहऱ्याने मांडल्या जाणाऱ्या कित्येक संकल्पचित्रांना हा शेवटचा नियम लागू केला तर त्यांतली किती शिल्लक राहतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. गंमत अशी की 1995 मध्ये इंग्रजीत आलेल्या या वस्तूंच्या संग्रहात स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठीची काठीही निरुपयोगी म्हणून दाखवली होती. मिनोल्टा कंपनीतील हिरोशी उएदा यांनी तशी काठी 1983 मध्येच केली होती, आणि तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नाही. पुढे मोबाइलला पुढचा कॅमेरा आला आणि त्या काठीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसऱ्यांच्या चित्रांवर एवढे लिहिले, तर माझ्या वहीतल्या एका चित्राविषयीही सांगितले पाहिजे. माझ्या टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात सहा प्लग असतात आणि कोणता कशाचा हे मला कधीच आठवत नाही. त्यावर उपाय म्हणून मी प्रत्येक सॉकेटशेजारी छोटा पडदा असलेला बोर्ड कल्पिला होता; लावलेले उपकरण ओळखून त्याचे नाव त्या पडद्यावर उमटणार होते. दोन रविवार मी त्याच्या गोलाईवर घालवले, सावल्याही नीट रंगवल्या. मग तो पडदा उपकरण ओळखणार कसा, त्याला वीज कुठून मिळणार आणि वाकून टेबलाखाली तो वाचणार कोण, असे प्रश्न मी स्वतःलाच विचारले, आणि शेवटी कागदाच्या पट्ट्यांवर नावे लिहून त्या वायरींना प्लगजवळ आणि टेबलावर येणाऱ्या टोकाशी, अशा दोन्हीकडे चिकटवल्या. पाच वायरींचे काम त्यावर उत्तम चालले आहे. सहाव्या वायरीची पट्टी अजून कोरी आहे, कारण ती टेबलामागे नेमकी कुठे जाते हे मला आजतागायत सापडलेले नाही.